बाणाची काडी

त्या वर्षी मी दहा वर्षांचा होतो आणि माझी धाकटी बहीण सहा वर्षांची. शनिवार पेठेत आमचा वाडा होता. मधोमध चौक, चौकात तुळशीवृंदावन आणि हौद, चारी बाजूंना लाकडी कठडे. लक्ष्मीपूजन आटोपले होते, बत्तासे वाटून झाले होते आणि वडीलमंडळी ओसरीवर पानसुपारीच्या तबकाभोवती बसली होती. माझ्या हाती सहा बाणांचे एक पुडके आले होते. बाण उडवायला बाटली लागते. मला मिळाली ती खोकल्याच्या औषधाची, बुटकी आणि हलकी. बाण ठेवला की काडीच्या लांबीमुळे बाटली कलंडे. दोनतीनदा असे झाल्यावर मी एक सोपा उपाय केला. काडी मधोमध मोडली. आता बाण बाटलीत झकास बसला.

वात पेटली. बाण कठड्याच्या उंचीइतका सरळ गेला, तिथे क्षणभर घुटमळला, आणि मग एखाद्या चवताळलेल्या जनावरासारखा मागे फिरला. भिंतीवर आपटून तो चौकात उतरला तो थेट ओसरीच्या पायरीवर. तिथे माझी बहीण हातात फुलबाजी घेऊन उभी होती. तिची किंकाळी अजून माझ्या कानांत आहे. आईने तिला उचलून तिचा डावा हात हौदाच्या पाण्यात धरला. आजोबा उठून चौकात आले, जळका बाण त्यांनी वाकून उचलला, त्याची अर्धी काडी पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काडी तोडलीस? अरे, काडी म्हणजे बाणाचं सुकाणू!"

मला कोणी मारले नाही, फारसे रागावलेही नाही. कदाचित म्हणूनच ती गोष्ट मनातून गेली नाही. हात बरा झाला, पण मनगटापासून वर चार बोटे एक पांढुरका, सुरकुतलेला डाग कायमचा राहिला. दर भाऊबीजेला ती ओवाळताना तबक वर करते, बांगड्या मागे सरतात आणि तो डाग निरांजनाच्या उजेडात येतो.

ही हकीकत आज लिहायचे कारण एक लहान मुलगी आहे.

मी एका शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकचे. कादंबऱ्या लिहितो, तो माझा दुसरा, तोट्याचा धंदा. गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आधी शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचे होते. पाण्यावर उडणारा अग्निबाण मुलांकडून करवून घ्यायचे काम माझ्याकडे आले, कारण त्यात पुठ्ठा कापायचा होता, आणि पुठ्ठा कापणे हे चित्रकलेच्या मास्तरांचे काम, असा शाळेचा समज आहे. साधन अगदी साधे. सरबताची प्लास्टिकची रिकामी बाटली घ्यायची, तिच्यात एक तृतीयांश पाणी भरायचे, तोंडाला घट्ट बूच बसवून सायकलच्या पंपाने हवा कोंबायची. दाब पुरेसा झाला की बूच निसटते, पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर जाते. ना दारू, ना आग.

सहावीतली एक मुलगी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तीन प्रकारचे पंख कापून घेऊन आली. एक त्रिकोणी, एक अर्धगोल, आणि एक मागे झुकलेला, चित्रकथांतल्या रॉकेटांना असतो तसा ऐटबाज. "सर, यांतला कुठला लावू?" मी जरा मान तिरपी करून पाहिले आणि तो ऐटबाज पंख उचलला. "हा."

"का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले की मला उत्तर माहीत नाही. तो सुंदर दिसतो, यापलीकडे माझ्यापाशी काही नव्हते. आणि त्याच क्षणी मला वाड्यातला चौक आठवला, आजोबांच्या हातातली अर्धी काडी आठवली. बाणाला काडी का लागते हेही मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. मी ती मोडली होती, एवढेच ठाऊक होते.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम आपल्या भाषेचे कौतुक. धनुष्यातून सुटतो तो बाण आणि दिवाळीत उडतो तोही बाणच. इंग्रजीत या दोन वस्तूंना दोन वेगळे शब्द आहेत. आपण मात्र दोघांना एकाच घरात ठेवले. यात अज्ञान नाही, निरीक्षण आहे. धनुष्याच्या बाणाचा पुढचा भाग जड, लोखंडी, मागे पिसे. महाभारतातल्या बाणांना 'कंकपत्र' म्हटले आहे ते मागे लावलेल्या पक्ष्याच्या पिसांवरून, आणि बाणाच्या मागच्या टोकाला 'पुंख' असे स्वतंत्र नाव आहे. पुढे वजन आणि मागे पसारा, हा सगळा मंत्र. पण दारूच्या बाणाला मागून आग सुटते. तिथे पिसे लावली तर ती पहिल्याच फटक्यात जळतील. म्हणून माणसाने पिसे काढली आणि आगीच्या पल्याड पोहोचेल अशी लांब काडी जोडली. जगाच्या इतिहासात ही काडी कित्येक शतके टिकली. ती जाऊन पुन्हा पिसे कशी आली, हीच या लेखाची कथा आहे.

या कथेचा एक धागा आमच्या पुण्यातूनच जातो. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांचे नाव जुन्या वाचकांना परिचित असेल. पोथ्यांच्या ढिगात बसून या माणसाने विडा, अत्तर, नथ अशा घरगुती गोष्टींचा इतिहास खणून काढला. १९५३ साली त्यांचा भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावरचा इंग्रजी निबंध बंगळूरहून प्रसिद्ध झाला. इसवी सन १४०० पासून १९०० पर्यंतचा पट त्यात आहे. ओरिसाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव याच्या 'कौतुकचिंतामणी' या संस्कृत ग्रंथात दारूकामाच्या कृती दिल्या आहेत, हे गोड्यांनी दाखवून दिले. हा राजा १४९७ मध्ये गादीवर आला. त्याच्या यादीतली नावे पाहा: कल्पवृक्ष बाण, चामर बाण, चंपा बाण, चंद्रज्योति. सोरा, गंधक आणि कोळसा, जोडीला बांबूचे तुकडे. म्हणजे साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वीही आपल्याकडे शोभेच्या दारूला 'बाण' हाच शब्द होता. आपल्या एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तही लग्नाच्या थाटात दारूकामाचे वर्णन येते. द्वारकेच्या लग्नात सोळाव्या शतकातल्या महाराष्ट्राची आतषबाजी उडाली, ती अशी.

पण पुणेकरांना खरी गोडी वाटेल ती पेशव्यांच्या बखरीतल्या एका हकिकतीची. गोड्यांनी तीही नोंदवली आहे. महादजी शिंदे १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यास आले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले. या मधल्या काळात त्यांनी तरुण सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. चार दिवस लक्षावधी दिवे, आणि शहराबाहेर दारूची लंका. मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि दारूचाच एक मोठा मारुती. त्याच्या शेपटीला बत्ती दिली की तो उड्डाण करून लंका पेटवीत सुटे. पेशव्यांनी हट्ट धरला की आम्हांलाही दाखवा. महादजींनी तयारी करवली आणि एका अंधाऱ्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी ती लंका जळली. पेशवे आणि सरदार वरून पाहत होते आणि खाली सारे पुणे लोटले होते.

पर्वतीच्या पायऱ्या मी अनेकदा चढलो आहे. अलीकडे तिथून खाली पाहताना तो दारूचा मारुती डोळ्यांपुढे येतो आणि मनात येते की, आमच्या पुण्याने पाहिलेल्या त्या उडत्या आकृतीला शेपूट होते हे किती योग्य! कारण बाणाची काडी हीही शेपूटच आहे.

इथवर खेळ झाला. पण ज्या हातांनी शोभेचे बाण केले त्यांनीच लढाईचेही केले. मराठ्यांच्या फौजांत बाणदार असत. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाशी लढाई जुंपली, तेव्हा निजामाचे घोडदळ आपल्या पायदळाच्या मदतीला पुढे येत असता नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्यावर बाणांचा वर्षाव केला, आणि त्याच वेळी उंचवट्यावर मांडलेल्या पेराँच्या पस्तीस तोफांनी तोंड उघडले, असे ग्रँट डफने लिहिले आहे. बाणांचा नेम मोठासा नसे. परंतु फुसफुसत, आग ओकत, केव्हा कोठे वळेल याचा भरवसा नाही असा बाण घोड्यांच्या पायांत शिरला म्हणजे रिसाला उधळे. पायरीवर उभी असलेली सहा वर्षांची मुलगी ज्याने घाबरली, त्याच अनिश्चितीला रणांगणावर किंमत होती. ही गोष्ट मला लिहितानाही बोचते.

हैदर आणि टिपू यांनी या बाणाला लोखंडी नळी दिली. कागदाची किंवा बांबूची नळी फार दाब सोसत नाही. लोखंडाची सोसते, म्हणून दारू जास्त ठासता येते आणि पल्ला वाढतो. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांचे दारूगोळ्याचे गाडे उडाले आणि त्यांचा दारुण पराभव झाला. श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडात गेले. वूलिचच्या तोफखाना-संग्रहात जपलेल्या दोन बाणांची मापे बंगळूरचे शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी १९८५ मध्ये आपल्या निबंधात दिली. एकाची नळी सुमारे ८ इंच लांब आणि दीड इंच जाड, आणि तिला चामड्याच्या वाद्यांनी बांधलेला बांबू ६ फूट ३ इंच! म्हणजे नळीच्या सुमारे साडेनऊ पट शेपूट. दुसऱ्याची नळी १० इंच, आणि तिला बांबूऐवजी ३ फूट ४ इंचांचे तलवारीचे सरळ पाते बांधलेले. जाताना तोल सांभाळायचा आणि पडताना कापायचे, अशी दुहेरी योजना. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर येथे एका कोरड्या विहिरीत असे हजारावर बाण सापडले.

हे मापन वाचले तेव्हा मी घरातल्या बाणाची काडी मोजली. मग आपण मोडलेल्या काडीचाही हिशेब केला. असो.

इंग्लंडात विल्यम काँग्रीव्हने १८०५ च्या सुमारास आपले बाण सिद्ध केले. त्याचा ३२ पौंडी बाण घेतला तर काडी १५ फुटांची. पंधरा फुटांच्या काठ्यांच्या मोळ्या घेऊन फौज कशी चालली असेल! शिवाय काडी एका बाजूला बांधलेली, त्यामुळे वजनही एकांगी. १८१५ मध्ये काँग्रीव्हने ती नळीच्या बुडाशी मधोमध बसवली आणि ज्वाळा तिच्याभोवतीच्या पाच भोकांतून सोडल्या. बाण सुधारला, पण शेपूट गेले नाही. ते घालवले विल्यम हेल याने, १८४४ मध्ये. त्याने बाहेर पडणाऱ्या झोतालाच तिरपा मार्ग दिला आणि बाण भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरू लागला. फिरता भोवरा पडत नाही, हे आपल्या पोरांनाही ठाऊक असते.

आणि पिसे? ती तर कागदावर केव्हाच परतली होती. काझिमिएझ सिमिएनोविच नावाच्या पोलंड-लिथुआनियाच्या तोफखाना-अधिकाऱ्याने १६५० मध्ये ॲम्स्टरडॅमला छापलेल्या ग्रंथात काडीऐवजी बुडाशी त्रिकोणी पंख असलेल्या बाणांची चित्रे दिली होती. पण लोकांनी ती पाहिली आणि पान उलटले. बरोबर उत्तर शंभर वर्षे आधी मिळाले तर त्याला कोणी विचारीत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. शेपूट काय, पिसे काय आणि पंख काय, त्यांचे काम नेमके कोणते?

पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका पाहा. वारा कुठूनही येवो, कापड नेहमी काठीच्या मागल्या अंगाला, वारा जातो त्या दिशेला फडकते. काठी हा धरलेला बिंदू, आणि वारा कापडाला ढकलतो. उडत्या बाणाचेही तसेच आहे. त्याला हवेत कोणी धरलेले नाही, म्हणून तो वळतो तो स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती. बोटावर तोलून धरला असता जिथे तो आडवा स्थिर राहतो, तो हा बिंदू. दुसरा बिंदू वाऱ्याचा. बाण जरा तिरपा झाला की हवा त्याच्या कुशीवर आदळते; त्या साऱ्या धक्क्याचा मध्य म्हणजे दाबकेंद्र. हे दाबकेंद्र वजनाच्या मध्याच्या मागे असेल तर वारा शेपटी मागे ढकलतो आणि तोंड पुन्हा सरळ होते. ते पुढे गेले, तर वारा तोंडच मागे ढकलतो आणि बाण उलटतो. मी काडी मोडली तेव्हा हेच झाले. मागचा पसारा गेला आणि वारा नळीवर स्वार झाला. आजोबांचे म्हणणे जवळजवळ खरे होते. फक्त काडी हे सुकाणू नव्हे. सुकाणू धरायला नावाडी लागतो. काडीला नावाडी लागत नाही, ती वाऱ्यालाच नावाडी करते.

ही समजूत भल्याभल्यांना पटकन झाली नाही. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत ऑबर्न गावी रॉबर्ट गोडार्डने द्रव इंधनाचे जगातले पहिले रॉकेट उडवले. अडीच सेकंद, ४१ फूट उंची. त्याचे यंत्र टोकाशी होते आणि इंधनाच्या टाक्या खाली. वरून ओढले की खालचे ओझे लंबकासारखे सरळ लोंबेल, अशी कल्पना. ती चुकीची होती. यंत्र रॉकेटाला पक्के जोडलेले असते; रॉकेट तिरपे झाले की त्याची ओढही तिरपीच होते, मग ते वर बसवा की खाली. गोडार्डने पुढच्या रॉकेटांत यंत्र खाली नेले. एवढ्या मोठ्या माणसाची चूक वाचून माझ्यासारख्या मास्तराला धीर आला.

त्यानंतर जर्मनीत व्ही-टू आले. ३ ऑक्टोबर १९४२ ला त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. बुडाशी चार मोठे पंख, शिवाय ज्वाळेच्या झोतात ग्राफाइटची चार लहान सुकाणे, कारण सुटताना वेग कमी असतो आणि कमी वेगात पंखांना वारा मिळत नाही. लंडन आणि अँटवर्पवर त्याने मृत्यू बरसला, आणि ते बांधताना कैद्यांचे जे हाल होऊन बळी गेले ते वेगळेच. युद्ध संपले आणि गंमत पाहा, तोच आकार जगभरच्या मुलांच्या चित्रकथांत शिरला. माझ्या वर्गातले पोर आजही रॉकेट काढते ते पोट फुगलेले आणि मागे झुकत्या पंखांचे. मी ज्या पंखाला सुंदर म्हणून बोट लावले, त्याची कुळी ही.

मुलांच्या हाती सुरक्षित रॉकेट द्यावे हा विचार सुचला तो १९५४ मध्ये नेब्रास्कातल्या एका जोड्यांच्या दुकानदाराला. त्याचे नाव ऑर्व्हिल कार्लाइल. दारू मुलांनी ठासायची नाही. ती कारखान्यातून तयार नळीत यायची. अंग कागदाचे, पंख हलक्या लाकडाचे, आणि परत येताना छत्री. पुढे हा छंद हजारो मुलांचा झाला आणि पंखांचा प्रश्न त्यांच्यापुढेही आला. १९६६ मध्ये जेम्स बॅरोमन या तरुण अभियंत्याने पंखांच्या मापांवरून दाबकेंद्र काढायची सोपी सूत्रे या छंदिष्टांपुढे मांडली. त्याआधी मुले एक भाबडी युक्ती करीत: रॉकेटाची बाजूची आकृती पुठ्ठ्यातून कापायची आणि तो पुठ्ठा पट्टीवर तोलायचा, जिथे तुलेल ते केंद्र मानायचे. ही रीत जरा जास्तच सावध उत्तर देते, पण सहावीच्या वर्गाला ती पुरते. नियम एवढाच की दाबकेंद्र वजनाच्या मध्यापेक्षा निदान एका नळीच्या जाडीइतके मागे हवे.

हे सारे वाचून झाल्यावर कळले की आमच्या पुण्यात तर या विद्येचे माहेरच आहे. पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत 'पिनाक' हा अग्निबाण घडला. २१४ मिलिमीटर जाडीचा. एका गाडीवर असे बारा, आणि ते बाराही ४४ सेकंदांत सुटतात. नळीत मावावे म्हणून त्याचे पंख अंगाशी वळवून ठेवलेले असतात. बाहेर पडताच ते उघडतात. १९९९ च्या कारगिल युद्धात तो वापरला गेला. शंकराच्या धनुष्याचे नाव बाणाला दिले, हा आणखी एक भाषेचा विनोद. थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातून पहिला संशोधक अग्निबाण सुटला तो अमेरिकन होता. १९६७ च्या नोव्हेंबरात आपला स्वतःचा रोहिणी गेला, अवघा ७५ मिलिमीटर जाडीचा, बुडाशी पंख असलेला. त्याच वर्षी पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर थुंब्याला दाखल झाले. घन इंधनावरचे त्यांचे काम पुढे भारताच्या अग्निबाणांच्या पायाशी राहिले. आणि २२ जून २०१६ रोजी आमच्या शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी केलेला एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह अवकाशात गेला. त्याला पंख नव्हते. तिथे हवाच नाही, पंख काय करणार! त्याच्या पोटात लोहचुंबक होते आणि तो पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून आपली दिशा राखत असे. म्हणजे तत्त्व तेच: नावाडी बसवू नका, निसर्गालाच नावाडी करा.

आता पुन्हा शाळेच्या मैदानावर या.

आम्ही तीन बाटल्या घेतल्या. तिघींना तीन आकारांचे पंख, पण क्षेत्रफळ सारखे. नाकात मातीचा एकेक गोळा. मग प्रत्येकीला तोलाच्या जागी दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवली. ही कसोटी कोणालाही करता येते: बाटली नाक पुढे करून फिरली तर ती हवेतही सरळ जाईल. तिन्ही फिरल्या, तिन्ही उडाल्या, तिन्ही सरळ गेल्या! कोणती अधिक उंच गेली ते डोळ्यांना कळले नाही. मग त्या ऐटबाज पंखांच्या बाटलीतला मातीचा गोळा मी काढून घेतला. ती दोन पुरुष उंच गेली आणि लोळण घेत खाली आली.

मुलीने वहीत लिहून घेतले. पुस्तकी ज्ञान म्हणून मीही तिला सांगितले की हवेचा अडथळा सर्वांत कमी करणारा आकार लंबगोलाचा, पण कडा सरळ कापलेला चौकोनी-तिरपा पंख त्याच्या फार मागे नसतो. आकारापेक्षा पंख पातळ असणे, पुढची कड गोलसर आणि मागची निमुळती असणे, आणि सारे पंख नळीशी सरळ चिकटणे याला अधिक मोल आहे. दोन पंख पुरत नाहीत, तीन पुरतात, चार असले तरी हरकत नाही. फार मोठे पंखही बरे नव्हेत. मग रॉकेट वाऱ्याकडेच तोंड वळवते. लाकडाचा पंख असेल तर त्याचे तंतू पुढच्या कडेला समांतर हवेत, नाहीतर तो मुळाशी मोडतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी सरळ तिरप्या कडांचा पंख निवडला. कारण विचारले तर म्हणाली, "तो मागे झुकलेला आधी जमिनीला लागतो, सर. त्याची टोकं दुमडली. हा दहा वेळा उडवता येईल."

मास्तरकीत असे क्षण फार येत नाहीत.

मग मी तिला म्हटले, "आता एक माझ्यासाठी." पंख नसलेली बाटली घेतली, नाकात माती घातली आणि पतंगाच्या चांगल्या चार फूट कामट्या एकत्र बांधून तिला शेपूट केले. दोरीवर फिरवून पाहिली, नाक पुढे. उडवली, सरळ गेली, थेट दिवाळीच्या बाणासारखी. मुलांनी टाळ्या पिटल्या. मग मी ती कामटी मधोमध मोडली. हात किंचित कापला, हे मुलांना दिसले नसावे. सर्वांना भिंतीपलीकडे उभे केले आणि पंप मारला. बाटली पिंपळाच्या फांदीइतकी वर गेली, घुटमळली, आणि मागे फिरली. पाणी शिंपडत ती रिकाम्या मैदानाच्या मध्यावर पडली. जवळ कोणी नव्हते. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिलो.

त्या भाऊबीजेला बहीण आली, ओवाळणी झाली, आणि पहिल्यांदा मी तिच्यापाशी तो विषय काढला. काडीचे, दाबकेंद्राचे, पताकेचे, सारे सांगितले. माझीच चूक होती, असे म्हटले. ती ऐकत राहिली. मग तबक खाली ठेवून हळूच म्हणाली, "दादा, आईनं मला ओसरीवरून उतरू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी पायरीवर आले म्हणून तो माझ्यावर आला, असं मला आजवर वाटत होतं."

पस्तीस वर्षे आम्ही दोघेही एकाच बाणाचे ओझे वेगवेगळे वाहत होतो. "अगं, तो तुझ्यावर आला नव्हता," मी म्हणालो. "तो कुठेही गेला असता. त्याला कुठे जायचं ते त्यालाच ठाऊक नव्हतं." तिने डावा हात उलटा करून तो डाग पाहिला आणि हसली. भाची मध्येच येऊन विचारू लागली की मामा, मला पण बाटलीचं रॉकेट करून देशील का. दिले. पंख तिनेच कापले.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या अंगणात, गच्चीवर बाण उडेल. पोरे हाताशी येतील त्या बाटल्या आणतील. बाटली बुटकी निघाली तर दुसरी, उंच आणि जड आणा, तिच्यात वाळू भरा. पोरांना दूर उभे करा, पाण्याची बादली जवळ ठेवा. पण काडी मोडू नका, आणि कोणाला मोडू देऊ नका. आणि एखाद्या पोराने "का?" विचारले, तर आता उत्तर तुमच्यापाशी आहे.